कातरवाड्याचे दार

फार पूर्वी अश्मक देशी, पोतन नगरीत सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच्याच मुलुखात एका मेंढीच्या पोटी जन्म घेतला होता. गोदेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत मेंढक्यांची एक वस्ती होती. तिथल्या कळपात तो वाढला आणि तिसऱ्या वर्षी कळपाचा म्होरक्या एडका झाला.

त्या मेंढ्यांची जात वेगळी होती. इतर ठिकाणी मेंढी एक तर लोकरीसाठी पाळत, नाही तर मांसासाठी. लोकरीची मेंढी अंगाने किरकोळ असे आणि मांसाची मेंढी लोकरीच्या नावाने उघडीबोडकी. या डोंगरातली मेंढी मात्र दोन्ही देई. तिची लोकर दाट, राखी रंगाची, घोंगडीला घट्ट बसणारी. पाठ रुंद, मांड्या भरलेल्या. लांबलांबचे लोक येऊन तिचे कौतुक करीत. जो दोन गोष्टी देतो त्याच्याकडून लोक दोन्ही घेतात आणि तिसरी निघते का म्हणून चाचपून पाहतात, तसले ते कौतुक होते. मेंढ्यांना त्याचा पत्ता नव्हता हे बरेच होते.

वस्तीचा एक जुना दंडक होता. नदीकाठी दगडी कुसाचा एक मोठा वाडा होता, त्याला कातरवाडा म्हणत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरल्यावर, मेंढ्यांना नदीत धुऊन तिथे आणत. पुढच्या दाराने मेंढी आत जाई. कातरणारे तिला मांडीशी धरून लोकर उतरवीत आणि मागच्या दाराने ती बाहेर पडे. कातरलेल्यांना गारठा बाधू नये म्हणून दोन दिवस नदीपलीकडच्या सखल कुरणात वेगळे ठेवत. या वाड्यात रक्त सांडायचे नाही, असा तो दंडक होता. मारायचे जनावर एकेकटे खांद्यावर घालून टेकडीपलीकडे न्यायचे, बाकीच्यांच्या नजरेआड. यात दयेचा भाग थोडाच होता. भ्यालेली मेंढी कातरीखाली स्थिर राहत नाही, तिला जखमा होतात आणि लोकर डागाळते, हे पूर्वजांना ठाऊक होते. हेतू कसाही असो, त्यामुळे मेंढ्या कातरवाड्याला फारशा भीत नसत.

तरी पहिल्यांदा कातरणीला आलेल्या मेंढ्या दाराशी अडून बसतच. काळोखे दार, आत लोखंडाचा वास, माणसांचे हात. तेव्हा बोधिसत्त्व पुढे होई. तो स्वतः आत जाई, सगळ्यांच्या देखत आडवा होई, लोकर उतरवून घेई आणि मागच्या दाराने बाहेर येऊन अंग झाडी. मग तो हाक देई. "आत थोडी भीती वाटते," तो त्यांना सांगे, "मग हलकं वाटतं. मी जाऊन आलोय." आणि त्या एकेक करून आत जात. अशी सात वर्षे गेली. कळपातली कोकरे आता आईच्या दुधाबरोबर एवढे शिकत, की म्होरक्या ज्या दाराशी उभा आहे ते दार चांगले. मेंढक्यांना हाकायचे कष्ट उरले नव्हते. त्यांच्या काठ्या नुसत्या खांद्यावर असत.

आठव्या वर्षी, पावसाळा तोंडावर आला असताना, सुयाम राजाने उत्तरेकडच्या थंड मुलुखावर स्वारी करायचे ठरवले. सेनेला घोंगड्या हव्या होत्या आणि वाटेत खायला सुकवलेले मांस. राजाचा कोठारी नंदक दहा माणसे घेऊन वस्तीवर आला. माणूस वाईट नव्हता. घाईत होता, आणि घाईतल्या माणसाच्या हातून वाईट माणसाचीच कामे होतात. वस्तीचा प्रमुख मेंढका म्हाकू हात जोडून त्याच्यासमोर उभा राहिला.

"मेंढरं किती?" नंदकाने विचारले.

"सातशेला जरा कमी, धनी."

"लोकर सगळ्यांची लागेल. मांसही सगळ्यांचं लागेल."

"समद्यांचं?" म्हाकूला वाटले, आपण नीट ऐकले नाही. "मंग आमी राखावं काय?"

"राजा परत आला की तुला नवी कोकरं देववतो. सेना पाच दिवसांत निघते आहे. एकेक जनावर खांद्यावर घालून टेकडीपलीकडे न्यायला बसलास तर महिना जाईल. त्या कातरवाड्यातच दोन्ही कामं उरका. अर्ध्यात पडदा बांधा. अलीकडे लोकर, पलीकडे मांस."

"तिथं रगात सांडत न्हाई, धनी. आमच्या बापजाद्यापासनं न्हाई."

"तुझ्या बापजाद्यांना राजाने काही मागितलं नव्हतं. तुझ्याकडे मागतो आहे."

म्हाकू मान खाली घालून घरी आला. त्याची बायको लखाई चुलीपाशी होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "न्यायची तर न्या. राजापुढं आपलं काय चालतंय? पर म्होरक्याला म्होरं घालू नगा. हाकत न्या."

"हाकून जात्यात व्हय ती? सात वरसात एकीच्या बी पाठीवर काठी ठिवली न्हाई आपण. त्याच्याबिगर एक पाय उचलायची न्हाईत."

"म्हनून म्हनती, अवो. त्याच्या मागनं येत्यात ती. तुमच्या मागनं न्हाई."

म्हाकूला तिचे म्हणणे कळले. पण कळले तरी त्याने तेच केले, जे तो दर वर्षी करीत आला होता. त्याला दुसरी रीत येतच नव्हती.

सकाळी पहिल्या एकशे वीस मेंढ्या नदीत धुऊन दाराशी आणल्या. आत मधोमध घोंगड्यांचा पडदा टांगला होता. नदीला पाणी होते, तिचा खळखळाट चालू होता, आणि वारा वाड्यावरून आडवा नदीकडे वाहत होता. बोधिसत्त्व नेहमीप्रमाणे पुढे झाला. त्याच्यामागे दोन वर्षांची एक मेंढी होती. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून मेंढके तिला टिकली म्हणत. दाराशी येऊन ती थबकली.

"आज आत काहीतरी वेगळं आहे," ती म्हणाली.

"काय वेगळं आहे?"

"ते नाही सांगता येत. मला आत नाही जायचं."

बोधिसत्त्वाने हुंगून पाहिले. घोंगड्यांचा वास होता, लोखंडाचा होता, माणसांचा होता. दर वर्षी हेच वास असत. त्याला तिची दया आली आणि थोडी गंमतही वाटली. "कातरीचा वास आहे," तो म्हणाला. "मी पुढे आहे ना? माझ्यामागून ये."

ती आली.

त्याची लोकर सगळ्यांच्या आधी उतरवली गेली. मग पडदा बाजूला करून म्हाकूने त्याला मागच्या दाराने बाहेर सोडले. पडद्यापलीकडची जमीन तेव्हा स्वच्छ होती. बाहेर येऊन त्याने अंग झाडले, हाक दिली आणि वाट पाहत उभा राहिला.

कोणी आले नाही. ऊन वर चढले. आज कातरणारे संथ आहेत, असे त्याला वाटले. मग वाटले, नवीन माणसे आहेत, हात बसला नसेल. लखाई त्याच्यापुढे पाला टाकून गेली, पण तिने त्याच्याकडे पाहिले नाही. तो पाल्याला न शिवता मागच्या दाराकडे बघत राहिला. दुपार टळली. मग राजाची माणसे त्या दारातून कातडी घेऊन बाहेर आली आणि नदीकाठच्या कातळावर ती पसरू लागली. एकेक कातडे पसरत त्यांनी कातळ भरून टाकला. त्यांतल्या एकाच्या कपाळाकडच्या भागावर पांढरा ठिपका होता.

इथे सांगणाऱ्यालाही थांबावेसे वाटते, पण गोष्ट पुढे आहे. बोधिसत्त्व त्या कातड्यापाशी गेला. माणसांनी त्याला हुसकले नाही, कारण उद्या तो लागणार होता. त्याच्या मनात रागाआधी दुसरेच काही आले. तिला कळले होते, असे त्याच्या मनात आले. तिला कळले होते आणि मी तिला गप्प केले. मी खोटे बोललो नाही, मला ठाऊक नव्हते, हे त्याने स्वतःला एकदा सांगून पाहिले. त्याने काहीच हलले नाही. एकशे वीस जीव त्याच्या शब्दावर त्या दारात गेले होते, आणि शब्द देणारा तेवढा मागच्या दाराने बाहेर आला होता. असा हताशपणा त्याला कोणत्याच जन्मात आला नव्हता.

दिवस मावळायच्या आत त्याला कळपात आणून सोडले. कळपाभोवती वाघूर, म्हणजे मेंढक्यांची दोरांची जाळी, लावलेली होती. बोधिसत्त्वाने सगळ्यांना जवळ बोलावले आणि जे पाहिले ते जसेच्या तसे सांगितले.

कोणी विश्वास ठेवला नाही.

"कातरलेल्यांना दोन दिवस पलीकडच्या कुरणात ठेवतात," एक थोराड मेंढी म्हणाली. "दर वर्षी ठेवतात. त्या तिथेच असतील."

"मी त्यांची कातडी पाहिली."

"आत थोडी भीती वाटते, मग हलकं वाटतं. हे आम्हाला कोणी शिकवलं?"

"मीच शिकवलं. तेव्हा ते खरं होतं."

"मग आज खोटं कसं झालं? दार तेच, माणसं तीच, आणि तू तर आमच्यासमोर उभा आहेस, कातरून आलेला. आत मारत असते तर तू कसा सुटलास?"

जो वाचला त्याच्या तोंडून मेलेल्यांची गोष्ट कोणाला पटत नाही. "माझ्यामागे डोंगरात चला," तो म्हणाला. "आत्ता, ही जाळी तोडून." तेव्हा तर त्या चक्क हसल्या. डोंगरात लांडगे आहेत, तिकडे फिरकू नका, हेही त्यानेच त्यांना शिकवले होते. म्हातारा झाला, दात झिजले, की सगळ्यांना सगळीकडे मरणच दिसते, असे आपसांत बोलत त्या रवंथ करायला बसल्या. त्याच्यावर त्यांची माया होती, म्हणून कोणी त्याला टाकून बोलले नाही, एवढेच.

दुसऱ्या सकाळी तो कातरवाड्याच्या दारात आडवा उभा राहिला आणि आत जाईना. म्हाकूने त्याला ढकलले. मग राजाच्या एका माणसाने काठी घेतली. सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पाठीवर काठी बसली, आणि ती बसतच राहिली. तो हलला नाही. मोठ्याने ओरडून तो सांगत होता, "येऊ नका, मागे फिरा." पण मागच्या मेंढ्यांना दिसत होते ते एवढेच, की म्होरक्या दाराशी उभा आहे. आणि म्होरक्या ज्या दाराशी उभा आहे ते दार चांगले. त्या त्याच्या दोन्ही बाजूंनी अंग चोरून वाट काढीत आत जाऊ लागल्या. कोणी जाताना त्याच्या खांद्याला लाडाने डोके घासून गेली.

तीस मेंढ्या आत गेल्या तेव्हा बोधिसत्त्वाला कळून चुकले, की तो जिवंत आहे तोवर काहीही केले तरी त्याचा अर्थ एकच होणार. तो आत गेला तरी त्या मागून येतील आणि अडवायला दारात उभा राहिला तरी येतील. पळाला असता तर कदाचित त्याच्यामागे पळाल्या असत्या, पण राजाच्या माणसांनी त्याच्या गळ्यात दोर घालून तो घट्ट धरला होता. तोंडाने दिलेला शब्द तोंडाने परत घेता येत नव्हता.

तेव्हा तो माणसाच्या वाणीने बोलला. "म्हाकू," तो म्हणाला, "कातर ठेव. सुरा आण."

म्हाकूच्या हातची कातर गळून पडली. राजाची माणसे दोर धरून तोंड वासून बघत राहिली. "तू बोलतूस?"

"आजवर सांगण्यासारखं काही नव्हतं. ऐक. मला इथे मार. आत नको, दाराबाहेर, सगळ्यांना दिसेल असा."

"म्या न्हाई. सात वरसं माझ्या मेंढरांच्या म्होरं चाललास तू. तुझ्यावर हात कसा टाकू?"

"म्हणूनच तू मारायचंस. राजाच्या माणसाने मारलं तर यांना वाटेल, तो माणूस परका होता. दार चांगलंच आहे, म्हाकू चांगलाच आहे, असंच त्या धरून चालतील. ज्याच्या मांडीवर त्यांची लोकर उतरते त्याच्याच हाताने मी मेलो, हे त्यांना दिसलं पाहिजे. त्याशिवाय त्या मानणार नाहीत."

म्हाकू रडू लागला. "तुला मारलं तर ह्या उधळत्याल. राजा माझी मान मारंल."

"मारील कदाचित," बोधिसत्त्व म्हणाला. "नाही मारणार असं मी तुला सांगत नाही. खात्री नसताना धीर द्यायचं काम मी पुष्कळ केलं. या हत्येचं पाप तुला लागेल. त्यातलं अर्धं मी मागून घेतो, कारण तुझ्याकडून करवून घेणारा मी आहे. जमेल का तुला?"

आतून नंदकाचा आवाज आला, "काय अडलंय तिथे? पुढची पाठवा." मेंढ्यांची रांग पुढे सरकत होती. आणखी पाच आत गेल्या. म्हाकू जागच्या जागी उभाच होता, आणि तो उभा होता तोवर रांग थांबत नव्हती. तेव्हा लखाई गर्दीतून पुढे आली. दारासमोरच्या मोकळ्या जमिनीवर ती मांडी घालून बसली आणि पदर पसरून म्हणाली, "इकडं आनावं त्याला. म्या डोस्कं धरती. तुमी डोळं झाकू नगा, न्हाईतर हात चुकंल आन् त्याला दुखंल."

बोधिसत्त्व स्वतःच्या पायांनी तिच्यापाशी गेला आणि आडवा झाला. सात वर्षे तो असाच सगळ्यांच्या देखत आडवा होत आला होता. मेंढ्यांनी माना वळवून पाहिले. त्याने त्यांना एवढेच सांगितले, "मी सांगितलं होतं ते आता खरं नाही." म्हाकूने सुरा चालवला. लखाईचा पदर, तिचे हात आणि दाराचा उंबरा रक्ताने भिजला, आणि ते रक्त कोणाचे हे वाऱ्याने सगळ्या कळपाला सांगितले.

मग त्यांनी विश्वास ठेवला.

सगळा कळप एकदम फिरला. वाघूर तुटली, कुत्री पायांखाली आली, राजाची माणसे आडवी पडली. दीडशे मेंढ्या त्यांनी कशाबशा धरल्या आणि त्या दिवसातच मारल्या. चारशेच्या आसपास डोंगरात गेल्या. नंदक कपाळ धरून बसला, मग होते तेवढे मांस आणि होती तेवढी लोकर बांधून निघून गेला. राजाची स्वारी थांबली नाही. घोंगड्या कमी पडल्या म्हणून त्याने सैनिक कमी नेले नाहीत.

ज्या डोंगरात गेल्या त्या सुटल्या, असे म्हणून ही कथा इथे संपवता आली असती. पण त्यांची लोकर उतरली नव्हती. पाऊस लागला तेव्हा ती भिजून इतकी जड झाली, की ओढे ओलांडताना ज्या पडल्या त्या उठू शकल्या नाहीत. काही लांडग्यांनी नेल्या. कातरीशिवाय जगायला ती जात शिकलेली नव्हती, आणि आता कातर धरणारा माणूस दिसला की त्या कड्यावरून उडी घेत. लखाई पाला घेऊन डोंगरात जाई, हाका मारी, आणि पाला तसाच ठेवून परत येई. पुढच्या वर्षी दोनशेही उरल्या नव्हत्या. वस्तीने म्हाकूला कळप घालवला म्हणून हाकलून दिले. राजाने त्याची मान मारली नाही. त्याची आठवणही राजाला राहिली नाही. म्हाकू आणि लखाई दुसऱ्या मुलुखात जाऊन माती उचलण्याचे काम करू लागले, आणि म्हाकूने पुन्हा कधी जनावर पाळले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात भिक्षूंना सांगितली. ती सांगून झाल्यावर त्यांनी त्या जन्मीच्या जीवांची ओळख करून दिली. "विहाराचं अंगण झाडणारा, कोणाशी फारसं न बोलणारा स्थविर धम्मिक तुम्ही रोज पाहता. तो त्या वेळी म्हाकू होता. आजाऱ्यांच्या उशाशी बसणारी भिक्षुणी सुभागा ही लखाई होती. म्होरक्या एडका मी होतो." नंदक कोण होता, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. असे कोठारी सगळ्याच जन्मांत भेटतात.

तेव्हा एका भिक्षूने विचारले, "भगवन्, पहिल्या दिवशी आत गेलेल्या त्या एकशे वीस मेंढ्या आज कोण आहेत?"

शास्त्यांनी बाजूचे भिक्षापात्र जवळ ओढले. मग म्हणाले, "मला सगळ्यांचे सगळे जन्म दिसतात असं तुम्ही समजता. त्या मला दिसत नाहीत. भिक्षेला ज्या दारात उभा राहतो, तिथे आधी आतल्या माणसांची तोंडं पाहतो. त्यांतली एक जरी ओळखू आली, तर मला तिला काही सांगायचं आहे. अजून एकही भेटली नाही."

एवढे बोलून त्यांनी भिक्षापात्र उचलले आणि ते नगराच्या दिशेने चालू लागले. एडक्याच्या त्या जन्मात बोधिसत्त्वाने सत्यपारमिता, म्हणजे सत्याच्या आचरणातली परिपूर्णता, आचरली. आपण दिलेला शब्द खोटा ठरला, तर तो आपल्या अंगावर घ्यायचा, ही ती पारमिता.